रातांब्याच्या दिवसांतला तिरका दगड

परवा मागच्या दारी रातांब्यांची, म्हणजे कोकमाच्या फळांची, पहिली पाटी उतरली आणि माझी नेमणूक झाली. आमच्या घरात मे महिन्यातली कामं ठरलेली आहेत. आगळात, म्हणजे रातांब्याच्या खारवलेल्या रसात, मीठ किती घालायचं ते माधवी, म्हणजे माझी बायको, ठरवते. वेळणेश्वराहून माझी थोरली बहीण आक्का येते, ती माधवीने घातलेलं मीठ कमी आहे असं ठरवते. आणि मी रातांबे फोडतो. फळ आडवं कापायचं, बिया अंगठ्याने एका पातेल्यात ढकलायच्या, साल दुसऱ्यात टाकायची. माझ्याकडून फार बिघडणार नाही असं काम शोधून शोधून मला दिलेलं आहे. कचेरीत लोक माझ्यापुढे फाइली धरून अदबीने उभे असतात. घरी मी पाटावर बसून नखं जांभळी करून घेतो आणि मग महिनाभर कचेरीत हात खिशात घालून हिंडतो.

रातांब्याचा रस एक गोष्ट मात्र चोख करतो. आपल्या हाताला कुठे कुठे कापलं आहे ते सांगतो. सकाळी दाढी करताना अंगठ्याला लागलेलं, परवा बागेत काटा गेलेला, ज्याची आपल्याला खबरही नसते ती प्रत्येक बारीक चीर रस लागला की चुरचुरायला लागते. बाकीच्या धड कातडीला काही होत नाही. आंबटाला अशी जागा बरोबर सापडते.

आणि फक्त हाताचंच नाही. मागच्या पडवीतल्या शहाबादी फरशीवर वर्षानुवर्षं आमसुलांची परडी ठेवून जिथे जिथे रस ठिबकला, तिथे तिथे फरशीची चमक गेली आहे. बोट फिरवलं तर खरखर लागते. आधी आम्ही तिला डाग म्हणायचो आणि पुसायचो. हा डाग नसून फरशीच थोडी गेलेली आहे, ती पुसून परत येणार नाही, हे मला माझ्या लेकीने सांगितलं. त्यानंतर मी पुसणं सोडलं. अशा शास्त्रीय कारणाने काम सुटण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ.

लेक म्हणजे प्राजू. भूशास्त्राच्या एम. एस्सी.चं तिचं शेवटचं वर्ष होतं त्या उन्हाळ्यातली ही हकिगत. कॉलेजातल्या प्रयोगशाळेचं छप्पर दुरुस्तीला काढलं होतं, आत धूळ आणि वर ताडपत्री. तिच्या सरांनी विभागातला एक जुना मायक्रोस्कोप घरी न्यायची परवानगी दिली. मी तो स्कूटरवर पुढे पायांत धरून आणला. मारुतीमंदिराच्या उतारावर प्राजू मागून सारखी बजावत होती, "बाबा, खड्डा. बाबा, खड्डा." त्या उन्हाळ्यात हा शब्द आमच्या घरात इतक्या वेळा ऐकू येणार आहे याची तेव्हा कल्पना नव्हती.

मायक्रोस्कोप जेवणाच्या टेबलावर बसला आणि आम्ही खाली पानं मांडून जेवायला लागलो.

त्याच्याबरोबर आला तो दगड. घाटावर कुठेशी विहीर खणताना काळ्या फत्तराच्या पोकळीत मिळालेला, कॅल्साइट नावाचा. चुनखडीच, पण देखणी. काचेसारखा आरपार, काड्यापेटीएवढा, आणि आकारही काड्यापेटीसारखाच, फक्त ती काड्यापेटी कोणी तरी बसून तिरकी केलेली. सगळ्या बाजू सपाट, पण एकही कोन सरळ नाही. त्याच्यातून बघितलं की खालची वस्तू दोनदा दिसते. प्राजूने तो भिंतीवरून काढलेल्या कॅलेंडरवर ठेवून मला दाखवला. मला शेजारी शेजारी दोन रविवार दिसले. तो दगड मला तिथेच आवडला.

प्राजूचं काम ऐकायला सोपं होतं. या दगडाच्या गुळगुळीत बाजूवर आम्ल घातलं की तो विरघळतो. तर नेमका कसा विरघळतो ते बघायचं. मी म्हटलं, "साखर विरघळते तसा विरघळत असेल. सगळीकडून."

"तेच तर, बाबा. सगळीकडून सारखा नाही विरघळत."

पहिल्या दिवशी आम्ल जरा तिखट झालं आणि दगडावर सोड्यासारखा फेस आला. फेस आला की खालचं काही दिसत नाही. मग तिने ते पातळ केलं, अजून पातळ केलं, इतकं की मला नुसतं पाणीच वाटलं आणि तसं बोलून दाखवल्यावर बाटली माझ्या हाताला न येईल अशा ठिकाणी गेली. थोडा वेळ दगड त्यात धरायचा, स्वच्छ पाण्यात धुवायचा, कापसाने टिपायचा, मायक्रोस्कोपखाली ठेवायचा, फोटो काढायचा. परत धरायचा, परत धुवायचा. मोबाइल मायक्रोस्कोपला मेथीच्या जुडीच्या रबराने बांधलेला. माधवी तिकडे पडवीत आमसुलांच्या सालांना रसाचं पूट देत होती: बुडव, वाळव, परत बुडव. दोघी दिवसभर आपापल्या भांड्यात काही तरी बुडवत असायच्या आणि मध्ये माझं जेवण राहायचं.

मला बघायला बोलावलं तेव्हा आधी मला माझ्याच पापण्या दिसल्या. त्यांचंच मी बराच वेळ कौतुक केलं. मग प्राजूने माझं डोकं धरून नीट बसवलं आणि दिसलं. राखाडी, शांत सपाटी, आणि तिच्यावर इथे तिथे छोटे खड्डे. गोल नव्हेत. चार बाजूंचे, तिरके, दगड जसा तिरका तसेच, सगळ्यांचं तोंड एकाच दिशेला. वरून पतंग विखुरल्यासारखे. आत पायऱ्या पायऱ्या उतरत जाऊन तळाशी एक टोक.

"इथेच का पडले?" मी विचारलं. "शेजारी का नाही?"

तिने खिडकीतून आमच्या कुंपणाची चिऱ्यांची भिंत दाखवली. "गवंड्याने एका थरात मध्येच अर्धी रांग कमी लावली तर काय होईल?"

"वरचे थर त्या जागी बिचकतील."

"दगडाच्या आतही असेच थर असतात. तयार होतानाच एखादी रांग मध्येच तुटते. बाहेरून काही कळत नाही, एवढा पारदर्शक असून कळत नाही. पण ती जागा कच्ची राहते. आम्ल पहिलं तिथे शिरतं."

मी परत डोळा लावला. इतका नितळ दगड, आणि त्याच्या आत कधी काळी राहून गेलेल्या उणिवा एकेक करून वर येत होत्या. बघायचं तर दगड थोडा घालवावा लागत होता. प्रत्येक वेळी बघताना तो थोडा कमी होत होता. हा विचार मला चांगला सुचला म्हणून मी तो मोठ्याने बोलून दाखवला, तर माधवी म्हणाली, "मग कमी वेळा बघा. आणि टेबल कधी मोकळं होणार?"

एका दुपारी प्राजू कॉलेजातून आली ती पाणीही न पिता टेबलापाशी बसली. सरांनी फोटो बघितले होते आणि त्यांना ते पटले नव्हते. "हे कशावरून दगडाच्या आतलं? घरात काम केलंयस. धूळ असते, कापूस असतो, कोणाचे हात लागतात. बारीक ओरखडा पडला तरी आम्ल तिथे आधी शिरेल. मला ओरखडेच वाटताहेत." खड्डे आतल्या दोषातून आलेत हे सिद्ध कर, नाही तर हे प्रकरण काढून टाक, असं सरांचं म्हणणं. आणि ते प्रकरण काढलं तर मागे काही उरतच नव्हतं. प्रबंध या खेपेला देता येणार नव्हता, वर्ष जाणार होतं. पुण्याला संशोधनासाठी जागा होती, मुलाखतीचं पत्र आलेलं होतं, पण पदवी हातात हवी होती.

"सरांचं चुकीचं नाहीये," प्राजू म्हणाली. मला हे सर्वांत जड गेलं. ते चुकीचे असते तर मला निदान चार शब्द बोलता आले असते.

सिद्ध करायचा एक मार्ग सरांनीच सांगितला होता. एकच जागा धरून तिथले खड्डे पुढे पुढे बघत जायचे. ओरखड्याचा खड्डा वरवरचा. तो पसरतो, तळ सपाट होतो आणि हळूहळू पुसला जातो. आतून आलेला खड्डा खोल खोल जातो आणि त्याचं टोक सुटत नाही. तीन खड्ड्यांचा एक घोळका तिने निवडला आणि त्याचा पाठलाग सुरू केला. रोज थोडं आम्ल, रोज फोटो. वरची बाजू आता धुकं बसल्यासारखी अंधुक झाली होती. ते धुकं म्हणजेच तिचं काम. घोळका टोक सोडत नव्हता. प्राजू गुणगुणायला लागली, म्हणजे ठीक चाललं होतं.

अशात आक्का येणार असा निरोप आला. आक्का रातांबे घेऊन येते तेव्हा घरात कुठलीच वस्तू आपल्या जागेवर राहत नाही. माधवीने विचारपूर्वक दगड कापसासकट एका छोट्या वाटीत ठेवला आणि वाटी नेऊन ठेवली देवघरात, अन्नपूर्णेच्या शेजारी. घरातली ती एकमेव जागा जिथे आंघोळ केल्याशिवाय कोणी हात घालत नाही. मला ही योजना इतकी आवडली की मी तिची पाठ थोपटली.

आक्काची एक पद्धत आहे. ती आली की आधी चहा घेते, मग आंघोळ करते आणि मग देव घासायला काढते. माधवीने आदल्याच दिवशी घासलेले असले तरी काढते. यावर आमच्या घरात कोणी काही बोलत नाही. माधवी फक्त कढईत डाव जरा जोरात फिरवते. तांब्यापितळेला रातांब्याचा चोथा लावायचा आणि वर चिमूटभर राख. ताम्हन असं निघतं की त्यात तोंड बघावं.

प्राजू वाचनालयातून परत आली तेव्हा आक्का पडवीत देव पुसत बसली होती.

"अगो माधवी," ती आतल्या बाजूला तोंड करून सांगत होती, "एवढा सुरेख स्फटिक देवांत ठेवलायस, पण किती मळवलास गो! धूर बसून नुसता आंधळा झालेला. घासून घासून हात दुखले, तरी म्हणावा तसा निघत नाही मेला."

पडवीत पाटावर, बाळकृष्ण आणि अन्नपूर्णेच्या मध्ये, ओला दगड ठेवलेला होता. प्राजूने पिशवी खाली ठेवली. तिने दगड उचलला, धुतला, टिपला आणि मायक्रोस्कोपखाली धरला. आम्ही तिघं मागे उभे. तिने डोळा लावला आणि लावूनच ठेवला.

नंतर मी बघितलं. आडवे उभे ओरखडेच ओरखडे. मधले खड्डे कोपरे झिजून चपटे झालेले. तो तीन जणांचा घोळका कुठे होता तेही कळत नव्हतं. सरांना जे वाटत होतं नेमकं तेच आता तिथे होतं.

प्राजू मागच्या दाराने बाहेर गेली आणि विहिरीच्या काठावर जाऊन बसली. मी आक्काला काय झालं ते सांगितलं. मला नीट सांगता आलं नसावं, कारण ती म्हणाली, "म्हणजे तो मळ नव्हताच?"

"नव्हता. तेच तिचं काम होतं."

आक्का खांबाला टेकून बसली. मग म्हणाली, "बाळू, मी संध्याकाळच्या गाडीने परत जात्ये."

"आणि एवढे रातांबे कोण करणार?" मी म्हटलं. बहिणीचं सांत्वन करायला मला हेच सुचलं.

माधवीने हातातला डाव ठेवला आणि आक्काजवळ येऊन बसली. "वन्सं, देवघरात मी ठेवला होता," ती म्हणाली. "तुम्हाला सांगितलंही नाही." दोघींनी एकमेकींची अशी बाजू घेतलेली मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि प्रसंग इतका वाईट नसता तर मला आनंद झाला असता.

प्राजू आत आली ती तोंड धुऊन. "फोडायला लागेल," ती म्हणाली.

हा दगड आपल्या बाजूंना समांतर असा सपाट फुटतो. आतून निघणारी बाजू कोरी करकरीत असते. तिला कोणाचा हात लागलेला नसतो, कापूस नाही, राख नाही. पण फुटताना कड ढासळली, तुकडे झाले, तर दुसरा दगड नव्हता. सरांनी आपल्या संग्रहातला एकच दिला होता.

हातोडी मी आणली. मारायलाही मीच पुढे झालो. माझ्या हातोडीचा इतिहास घराच्या प्रत्येक भिंतीवर आहे. जिथे जिथे आमच्याकडे तसबीर जरा खाली लावलेली दिसेल, तिच्यामागे माझा आधीचा प्रयत्न असतो. प्राजूने हातोडी माझ्याकडून काढून घेतली. "बाबा, तुम्ही फक्त टेबल हलू देऊ नका." मी दोन्ही हातांनी टेबल धरलं. विज्ञानाला माझा हातभार म्हणतात तो हा. आक्का उंबऱ्याच्या पलीकडेच थांबली. "माझी सावलीही नको त्याच्यावर," म्हणाली.

सुरीचं पातं कडेला समांतर टेकवून प्राजूने हातोडी हलकेच मारली. काही झालं नाही. दुसऱ्यांदा मारली. टिक असा आवाज झाला, सुपारी फुटावी तसा, आणि दगड दोन झाला. ढासळला नाही. दोन पातळ तिरक्या वड्या, आतल्या बाजू पाण्यासारख्या चमकत होत्या.

माधवीने श्वास सोडला. प्राजूने मात्र दोन्ही तुकडे हातात धरले, मिटले, परत उघडले. पुस्तक उघडतो तसे. परत मिटले.

"बाबा," ती म्हणाली, "या दोन्ही बाजू आत्तापर्यंत एकमेकींना चिकटलेल्या होत्या."

"बरं मग?"

"आतली रांग तुटलेली असेल तर ती दोन्हीकडून जाणार ना? या बाजूला जिथे खड्डा पडेल, बरोबर त्याच्यासमोर त्या बाजूलाही पडायला हवा. ओरखडा असं करू शकत नाही. धूळ दोन्हीकडे एकाच जागी कशी बसेल?"

तिने दोन्ही तुकडे एकाच वाटीत, एकाच वेळी, त्याच आम्लात ठेवले आणि एकाच वेळी काढले. धुतले, टिपले. एकाचा फोटो काढला, दुसऱ्याचा काढला, दुसरा मोबाइलवर आरशातल्यासारखा उलटा केला. मग ती दोन्ही फोटो पुढेमागे करत राहिली. तिच्या चेहऱ्यावरून मला काही समजेना. शेवटी ती उठली आणि उंबऱ्यापाशी जाऊन आक्काचा हात धरून तिला आत घेऊन आली.

"आत्या, तू बघ. मला आता जे हवं तेच दिसायला लागलंय. तू सांग."

आक्काने पदराने हात पुसले, चष्मा कपाळावर चढवला आणि डोळा लावला. "पतंगांसारखं काही तरी आहे," ती म्हणाली. "एका कोपऱ्यात पाच आहेत, विळ्यासारखे वळत गेलेले. त्यांतला एक मोठा." प्राजूने तुकडा बदलला. आक्का बराच वेळ शोधत होती. टेबलावरचे तिचे जांभळे हात अजिबात हलत नव्हते.

"हे बघ," ती एकदम म्हणाली. "इथे पण पाच. फक्त विळा पलीकडे तोंड करून. आणि मोठा तोच. अगो, सगळे तसेच्या तसे आहेत!" मग तिने डोळा काढला आणि हळूच विचारलं, "म्हणजे हे माझ्या घासण्याने नाही झालेलं?"

"नाही गं. हे दगड तयार झाला तेव्हापासूनचं आहे."

त्या दिवशी आक्का संध्याकाळच्या गाडीने गेली नाही. रात्री जेवताना ती म्हणाली, आगळात मीठ कमी आहे. माधवी म्हणाली, असेल. आणि दोघींनी एकमेकींना वाढलं.

सरांनी दोन्ही फोटो काचेवर एकावर एक ठेवून पाहिले म्हणे. ओरखड्यांचं नाव त्यांनी परत काढलं नाही. दोन्ही फोटो शेजारी शेजारी छापा, म्हणाले, आणि ही बाजू कशी मिळाली ते खाली लिहा. प्रबंध वेळेत गेला. प्राजू आता पुण्याला असते. तिथला मायक्रोस्कोप आमच्या स्वयंपाकघराएवढा आहे आणि त्याला मेथीच्या जुडीचं रबर लागत नाही.

पण प्रबंध बांधायला जायच्या आदल्या दिवशीचं एक सांगायला हवं. आक्का अजून होती, परड्यांवर आमसुलं वाळत होती. प्राजू शेवटची पानं तपासत होती आणि आक्काने तिला विचारलं, "माझं काय लिहिलंयस त्यात?"

"तुझं काही नाही गं."

"दगड फोडायची पाळी का आली ते लिहिलं असशीलच ना?"

प्राजूने इंग्रजी वाक्य मराठीत करून वाचलं. हाताळणीत पहिली बाजू खराब झाल्यामुळे स्फटिक नव्याने फोडला, असं काहीसं ते होतं.

"हाताळणीत?" आक्का परडीवरून उठून आली. "हाताळणी कसली? घासलाय मी तो. रातांब्याच्या चोथ्याने. नीट लिही. उद्या दुसरी कोणी पोर हे वाचून काम करायला बसली तर तिला कळायला नको?"

प्राजूने माझ्याकडे पाहिलं. मी माधवीकडे. माधवी म्हणाली, "वन्सं बरोबर सांगताहेत."

प्राजूने ते वाक्य खोडलं आणि तिथे बसल्या बसल्या नवं लिहिलं. घरातल्या एका व्यक्तीने पहिली बाजू कोकमाच्या चोथ्याने आणि राखेने घासल्यामुळे ती सोडून द्यावी लागली. सरांनी पुढे ते तसंच ठेवलं. छापलेल्या प्रतीत आहे. प्राजूने ते आक्काला सावकाश, मराठी करून, दोनदा वाचून दाखवलं. आक्काने डोळे मिटून ऐकलं, मान हलवली, आणि परडीकडे परत जाता जाता थांबली.

"राख न्हाणीच्या चुलीतली होती," ती म्हणाली. "आंब्याच्या लाकडाची. तेवढं घाल."